मृगातला तेजोमेघ

"रात्री आकाशात तारे दिसतात का तुम्हाला?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं आणि मी चटकन म्हणाले, "हो, दिसतात की." मग त्यांनी विचारलं, "अंधुकातला अंधुक कुठला दिसतो?" मी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

सकाळपासून ठाण्याच्या त्या दवाखान्यात माझ्या तपासण्या चालल्या होत्या. शेवटची एका काळोख्या खोलीत झाली. वाडग्यासारख्या पोकळ, पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून समोरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बराच वेळ बसले. यंत्राचा आवाज येत होता, टिक, टिक, पण चमकत काहीच नव्हतं. शेवटी मी तिथल्या मुलीला म्हणाले, "अहो, हे बंद पडलंय बहुतेक." तिनं यंत्राकडे बघितलंही नाही, माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. 

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "पडद्याचा आजार आहे," ते म्हणाले. "जन्मापासून आत असतो, हळूहळू वर येतो. नजर कडेकडेनं कमी होत मध्यापर्यंत येते. अंधारातलं दिसणं सगळ्यात आधी जातं. आज तरी यावर औषध नाही."

"किती दिवसांत?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही. काहींची मधली नजर म्हातारपणापर्यंत टिकते. काहींची नाही टिकत."

मी शाळेत विज्ञान शिकवते. डोळ्याच्या पडद्यावर दंडाकार पेशी असतात, त्या मंद उजेडात काम करतात. शंक्वाकार पेशी भर उजेडात काम करतात. ही आकृती मी कितीतरी वर्गांना फळ्यावर काढून दाखवली आहे. दवाखान्याच्या जिन्यावरून कठडा घट्ट धरून उतरताना माझ्या मनात एवढंच येत होतं, की मग माझ्या दंडाकार पेशी गेल्या. गेल्या, आणि मला कळलंसुद्धा नाही.

परतताना नवरा गाडी चालवत होता. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, दोघंच असलो की 'तू'. तो बाहेर शहरातलं बोलतो, घरात गावचं. खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला तसा एकदम म्हणाला, "तुज्या डोल्यांना काय बी न्हाय झालं. आपल्याकडं लायटीच एवढ्या हायेत. कुनाला दिसतात तारे?"

मी त्याच्याकडे बघितलं. हे माझंच वाक्य होतं. गेले काही हिवाळे मी हेच त्याला ऐकवत आले होते, भांडून भांडून.

माझं माहेर निजामपुऱ्यातलं. घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग, आणि गल्ली इतकी चिंचोळी की मान वर केली तर आभाळाची नुसती पट्टी दिसायची, तीही विजेच्या तारांनी कापलेली. कॉलेजात असताना आमच्या बाई आम्हा मुलींना आकाश बघायला अकलोलीच्या पुढे डोंगराकडे घेऊन गेल्या. तिथे मी पहिल्यांदा अख्खं आभाळ बघितलं. बाईंनी मृग नक्षत्र दाखवलं. हरणाचे पाय म्हणून चार कोपऱ्यांना चार तारे, आणि पोटात रुतलेला बाण म्हणून मध्ये एका ओळीत तीन. बाणाच्या खाली आणखी बारीक चांदण्या लोंबतात. "त्यातल्या मधलीकडे बघा," बाई म्हणाल्या आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

मधली चांदणी ही चांदणी नव्हतीच. तिथे एक फिकट ढग होता, आतून उजळलेला. मी श्वास रोखून धरला होता, सोडला तर तो विरेल अशी भीती वाटून.

"तेजोमेघ," बाई म्हणाल्या. "तिथे तारे जन्माला येताहेत."

मी दुर्बीण सोडेना, तेव्हा मागच्या मुली ओरडायला लागल्या.

नोकरी लागल्यावर स्वतःसाठी म्हणून मी पहिली वस्तू घेतली ती दुर्बीण, दोन्ही डोळ्यांना लावायची, गळ्यात अडकवता येईल अशी. लग्न होऊन पूर्णा गावात आले तेव्हा सासरच्या गच्चीवरून पार खाडीपर्यंत भातशेती दिसायची, आणि अंधार पडला की पडला. दर हिवाळ्यात जेवणं उरकली की मी वर जायचे. आधी बाण शोधायचा, बाणावरून खाली उतरायचं, आणि मग हात स्थिर ठेवून वाट बघायची. रोज दिसायचा. सासरी कुणी गेलं, माहेरी कुणी आजारी पडलं, पोटात वाढलेलं मूल हाती लागलं नाही, त्या त्या हिवाळ्यातही तो दिसत होता. मी देवाधर्मातली नाही. पण ज्यांना देवासमोर जाऊन बसल्यावर बरं वाटतं, त्यांना काय वाटत असेल ते मला गच्चीवर कळायचं.

मग शेतांत गोदामं आली. आमच्याही शेतात आलं. ट्रक रात्रभर लागतात म्हणून गोदामाच्या कपाळावर मोठाले दिवे बसले आणि आमच्या गच्चीवर अंधार पडल्यावरसुद्धा माझी सावली पडायला लागली. तेजोमेघ आधी पुसट झाला, आणि एका हिवाळ्यात दिसेनासा झाला. मी नवऱ्याशी भांडले. "तुझ्या गोदामानं माझं आभाळ खाल्लं," म्हणाले. तो हसायचा. "आभाल कुठं जातंय?" त्याच सुमारास मी जिन्यात ठेचकाळायला लागले होते. तिन्हीसांजेला दारातल्या चपला पायात यायच्या, लग्नाच्या हॉलमध्ये दिवे मंद केले की समोर कुणी नमस्काराला जोडलेले हात मला दिसायचे नाहीत आणि लोकांना वाटायचं, बाई शिष्ट आहेत. या गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. दोष द्यायला दिवे डोळ्यांसमोर होते.

आता मात्र प्रश्न एकच राहिला होता. तेजोमेघ दिव्यांनी घालवला की माझ्या डोळ्यांनी? दिव्यांनी घालवला असेल तर डॉक्टरांचं कुठेतरी चुकलंय, निदान आजार अजून दारातच उभा आहे. हे खोटं आहे हे मला कळत होतं. तपासणीचे निकाल माझ्या कपाटात होते, त्यातलं अक्षरन् अक्षर मला समजत होतं. तरीही मी त्या प्रश्नाला बुडत्यानं ओंडका धरावा तशी धरून होते.

घरात मी स्वतःच्याच तपासण्या सुरू केल्या. भाताची पोती ठेवायची आमची एक बिनखिडकीची खोली आहे. मी आत जाऊन दार थोडं किलकिलं ठेवायचे आणि स्वतःचा हात तोंडासमोर धरायचे. बोटं दिसतात का? दिसली असं वाटायचं. मग हात खाली घ्यायचे, आणि तरीही बोटं दिसतच राहायची. म्हणजे ती दिसत नव्हती, मला माहीत होती. एकदा नवऱ्यानं मला तिथे पकडलं. "काय करतंयस इथं?" म्हणाला. मी म्हटलं, उंदीर आहे का बघतेय. त्यानं दिवा लावला. माझा चेहरा बघितला आणि हात धरून मला बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी तो गोदामाच्या सुपरवायझरला भेटायला निघाला आणि मला म्हणाला, "चल." सुपरवायझर उत्तरेकडचा, शांत माणूस. दिवे थोडा वेळ विझवता येतील का, असं नवऱ्यानं त्याला विचारलं. "सेठ, कैमरे का सवाल है," तो म्हणाला. "लाइट बंद किया तो ऊपर से फोन आएगा."

माझ्या नवऱ्यानं हात जोडले. जमीन त्याची, गावात त्याच्या शब्दाला किंमत. मी त्याला कधी कुणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं. "मेरी बीवी की आँख का मामला है," तो म्हणाला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सुपरवायझरनं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. त्याला काही समजलं नसावं. पण म्हणाला, "जब कोई गाड़ी नहीं होगी, तब थोड़ी देर कर दूँगा. मिसकॉल दूँगा आपको."

दोन-चार संध्याकाळी आम्ही मोबाइल ताटाजवळ ठेवून जेवलो. एकदा भात कालवत असतानाच तो वाजला. हात न धुता आम्ही जिना चढलो. मी अर्ध्यात होते तेवढ्यात दिवे गेले, आणि पायाखालची पायरीच नाहीशी झाली. नवऱ्यानं दंड धरून मला वर ओढून नेलं.

बाण सापडला. तिन्ही तारे होते. मी दुर्बीण हळूच खाली उतरवली. काहीच नाही. नुसतं काळं. जे जे शिकले होते ते सगळं केलं. श्वास रोखला, कोपर कठड्यावर टेकवलं. नजर किंचित बाजूला ठेवली, कारण अंधुक गोष्ट सरळ बघितली तर हरवते, नजरेच्या कडेनं बघितली तर दिसते. पण माझी कडच गेली होती. मी पुन्हा बाणाकडे गेले, पुन्हा खाली आले. शेवटी दुर्बीण गळ्यातून काढली.

"तू बघ," मी म्हणाले.

त्याला एक तारा दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. मी त्याला बाण दाखवला, खाली कसं यायचं ते सांगितलं. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.  मग खाली घेतली.

"मना बी न्हाय दिसत."

"नीट बघ ना."

"बगलं न. तीन तारे हायेत, खाली काय बी न्हाय. आपली लायट गेली त शहराची हाय न, वर कसं लाल झालंय बग."

मी तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आनंदानं. त्यालाही दिसत नाही! ज्याचे डोळे धडधाकट आहेत त्यालाही दिसत नाही. गोदामाचे दिवे पुन्हा लागले, आमच्या दोघांची सावली कठड्यावर पडली, आणि मला त्या दिव्यांना मिठी मारावीशी वाटली.

त्यानंतरचे दिवस मी आशेवर काढले. तसे दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. आशा लागली की माणूस काहीही करतो. काकीसासूबाई म्हणाल्या, "अकलोलीच्या कुंडाच्या पान्यानं डोले धुव." वर्गात मुलांना अंधश्रद्धेवर धडा शिकवणारी मी लगेच तयार झाले. नवऱ्यानं आणखी एक सुचवलं. आमच्या उरलेल्या शेतात भातलावणीला दर वर्षी येणारी एक बाई अकलोलीच्या वरच्या पाड्यावर राहते. तिच्याकडे काळोख असतो. कुंडावर जाऊ, तिथून संध्याकाळी तिच्या अंगणात बसू. "तितं दिसंल तुना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी ऐकलं नाही. त्यालाही तिथे मला दिसेल असं मनापासून वाटत होतं, हे आज मला कळतं. कॅलेंडरात बघून आम्ही अमावास्या गाठली.

कुंडावर गर्दी होती. कुणी गुडघे शेकत होतं, कुणी अंगावरच्या खरजेवर पाणी मारत होतं. मी काठावर बसून ओंजळ भरली. गंधकाचा वास, पाणी सोसवेल इतकंच गरम. डोळे उघडे ठेवून मी ते पाणी मारलं. पुन्हा मारलं. डोळे चुरचुरून लाल झाले तरी मारत राहिले. या पाण्यानं एकही पेशी परत येत नाही हे त्या सगळ्या गर्दीत माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. नवरा टॉवेल धरून उभा होता. शेवटी त्यानंच माझे हात धरले. "पुरे आता," म्हणाला. "पुरे गो."

पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. गाडी खाली ठेवून चढायचं होतं. मी नवऱ्याच्या दंडाला धरून चालले, तो मोबाइलचा उजेड माझ्या पावलांपुढे टाकत होता. त्या बाईनं अंगण सारवून घेतलं होतं, खाट टाकली होती. आम्ही का आलोय ते नवऱ्यानं तिला फोनवर सांगितलं असावं, कारण ती म्हणाली, "बल्ब इझवू ना, बाय?" आणि विझवला. शेजारच्या घरांनाही हाक मारून तिनं दिवे विझवायला लावले.

आम्ही खाटेवर बसलो. मी वर बघितलं. काही थोडे तारे होते, लांब लांब पसरलेले. मधलं सगळं बुजलेलं.

"ढग आलेत का?" मी विचारलं.

 ती बाई म्हणाली, "ढग कुठं हाय बाय? किती निवल हाय आभाल. पिठासारखं सांडलंय."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. त्या वेळी मला देवाचं नाव आठवत असतं तर मी घेतलं असतं. बाण. बाणाच्या खाली. काळं. मी डोळे मिटले, उघडले. काळं. दुर्बिणीच्या काचा पदरानं पुसल्या. काळं.

"अहो, तुम्ही बघा."

त्यानं बघितलं. या वेळी लगेच खाली घेतली. "न्हाय दिसत," म्हणाला.

"तिकांड्याच्या खाली बघता ना तुमी?" ती बाई शेजारून म्हणाली. बाणाच्या त्या तीन ताऱ्यांना तिकडे तिकांडं म्हणतात. "धुरासारखं हाय तं? ते असंच दिसतंय की, दुर्बीण कशाला पायजे?"

ती अगदी सहज बोलली. आम्हाला मदत करावी म्हणून बोलली. मी नवऱ्याकडे वळले. तो मला दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता.

"अहो, खरं सांगा."

खाट करकरली, तो बाजूला सरकला असावा.

"तुला दिसतंय. तुला गच्चीवरसुद्धा दिसलं होतं. हो की नाही?" त्या बाईसमोर मी त्याला अरेतुरे करत होते, ओरडत होते. "सांग!"

"दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग खोटं का बोललास?"

"मंग काय सांगू?" तोही ओरडला. "तुज्या तोंडावर सांगू का, मना दिसतंय आनि तुना न्हाय?"

मी त्याला मारलं. कुठे लागलं ते मला दिसत नव्हतं; खांद्याला, छातीला, हाताला येईल तिथे मुठी मारल्या. त्यानं अडवलं नाही. मग मी सारवलेल्या जमिनीवर बसून मोठ्यानं रडले, मूल रडतं तशी. आजूबाजूच्या घरांतली माणसं दारात आली असावीत, कुजबुज ऐकू येत होती. ती बाई माझ्या शेजारी खाली बसली. तिनं मला गप्प राहा म्हटलं नाही, धीर धरा म्हटलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवला. तो हात खरखरीत होता आणि तिनं तो काढला नाही.

कधीतरी रडणं थांबलं. तिनं कोरा चहा आणून हातात दिला, पेला नीट पकडला आहे ना हे बघून मगच सोडला. मी नवऱ्याला म्हणाले, "सांग आता. कसा दिसतो?"

"ऱ्हावं दे."

"सांग."

त्यानं दुर्बीण घेतली. "चुलीतून धूर यतो न," तो अडखळत म्हणाला, "वारा पडल्यावर. तसा. पन हलत न्हाय."

"रंग?"

"रंग न्हाय. राखंसारखा. मधी जरा उजल."

"केवढा?"

"नखाएवढा हाय. न्हाय, थोडा मोठा. एका बाजूला पसरलाय."

प्रत्येक शब्द बरोबर होता. मला कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. आणि मला त्याचा विलक्षण राग आला. इतकी वर्षं तो ढग माझा होता, आणि आता या माणसाला तो आयता दिसत होता, ज्याला तो नको होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण त्या अंगणात मला तसंच वाटलं.

त्यानंतर घरात आम्ही जेमतेम बोलायचो. शाळेत मी धडे उरकत होते. दुपारच्या लख्ख उजेडात मला सगळं स्पष्ट दिसायचं, मुलांच्या वहीतलं बारीक अक्षरसुद्धा, आणि तेच सहन व्हायचं नाही. दर थोड्या वेळानं मी मान न वळवता कडेला काय दिसतं ते तपासायचे. खिडकी दिसते का, खिडकीजवळची मुलगी दिसते का. सहाव्या तासाला ऊन उतरलं की मी वर्गातले सगळे दिवे लावायला सांगायचे.

एका मैत्रिणीला मी तेव्हा फोन केला. कॉलेजातली, आता हौसेनं आकाश बघणाऱ्या लोकांत असते. कित्येक वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे मोठी दुर्बीण आहे. ती जास्त उजेड गोळा करते. मला एकदा दाखव. एकदाच." तिनं पुढची अमावास्या कधी ते विचारलं. मग म्हणाली, "येते."

पुढच्या अमावास्येला ती दुर्बीण गाडीत घालून आली. पुन्हा तेच अंगण. पाड्यावरच्या त्या बाईनं न सांगता दिवे विझवले. फेब्रुवारीतला मृग अंधार पडल्यावर थोड्याच वेळात डोक्यावर येतो. मैत्रिणीनं ते पिंपाएवढं नळकांडं उभं केलं, काहीतरी फिरवत राहिली, आणि मग माझं डोकं हळूच धरून भिंगाशी नेलं.

मला तारे दिसले! ढगाच्या पोटातले चार, अगदी जवळजवळ, टोकदार, स्वच्छ. साध्या दुर्बिणीतून ते मला कधी सुटे दिसले नव्हते. माझ्या तोंडून आवाज निघाला. मैत्रीण खूश झाली. "दिसले ना? आता त्यांच्या भोवती बघ. पंख पसरल्यासारखा दिसतोय की नाही? बघ कसा डावीकडे गेलाय!"

मी त्यांच्या भोवती बघितलं. भोवती काहीच नव्हतं.

"थोडं थांब. डोळा सरावू दे."

मी थांबले. मैत्रिणीनं माझ्या डोक्यावर शाल घातली, बाहेरचा कणभर उजेड येऊ नये म्हणून. शालीखाली मी त्या चार ठिणग्यांकडे बघत राहिले. त्या ज्या ढगात जन्मल्या, ज्याला त्यांनी उजळलं, तो माझ्या डोळ्यांपुरता नव्हता. मान अवघडली, पाय बधिर झाले. मैत्रीण दुर्बीण सारखी सरकवून तारे मध्ये आणत होती. "बाय, गारठा पडलाय, चला आत," पाड्यावरची बाई म्हणाली. मी म्हटलं, अजून थोडं. असं मी किती वेळा म्हणाले कोण जाणे. शेवटी नवऱ्यानं शाल काढली.  मी उठले, त्याचा दंड धरला, आणि आम्ही उतारावरून खाली आलो. वाटेत एका ठिकाणी तो म्हणाला, "दगड हाय, पाय उचल." मी पाय उचलला. त्या संध्याकाळी आम्ही एवढंच बोललो.

परीक्षा संपल्यावर मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्यांनी मला सकाळच्या सत्रात घेतलं. उन्हाळ्यात ठाण्याला जाऊन मी पांढरी काठी घेऊन चालायला शिकले. शिकवणारी मुलगी स्वतः पूर्ण आंधळी होती आणि फार हसायची. मला तिच्याबरोबर हसता आलं नाही. काठी मी अंधार पडल्यावरच बाहेर काढते. गावात लोक बाजूला होतात, एकमेकांना गप्प करतात. त्याची सवय झालेली नाही. डॉक्टर म्हणतात, गेल्या वर्षीपेक्षा कड आणखी थोडी आत आली आहे.

हा हिवाळा आता अर्धा झाला. नवरा अधूनमधून दुर्बीण घेऊन गच्चीवर जातो. गोदामाचे दिवे असतातच; तो हाताच्या आडोशानं कसंबसं बघतो. मी त्याला जा म्हटलेलं नाही, जाऊ नको म्हटलेलं नाही. खाली आला की तो सांगतो, आज चांगला होता, आज धुक्यात गेला होता, आज खाडीकडून धूर आला म्हनून नीट न्हाय दिसला. काही संध्याकाळी मी ऐकते, आणि एखादा प्रश्नही विचारते. काही संध्याकाळी जिन्यात त्याची पावलं वाजली की मी आतूनच म्हणते, "आज काही सांगू नकोस." मग तो दुर्बीण कपाटात ठेवतो, हात धुतो, आणि आम्ही जेवायला बसतो.